मागचे ब्रेक एकाच बाजूने का झिजतात? जुन्या ॲम्बॅसडरच्या मालकांसाठी शोधाची आणि दुरुस्तीची पद्धत

जुन्या मोटारीच्या मागच्या चाकांचे ड्रम उघडले आणि एका बाजूचा लाइनर (ब्रेकच्या शूवर, म्हणजे कमानीसारख्या पट्टीवर, रिव्हेटने बसवलेला आणि ड्रमला घासणारा थर) रिव्हेटपर्यंत आलेला, तर दुसऱ्या बाजूचा जवळजवळ नवा दिसला, की बहुतेक ठिकाणी झिजलेला लाइनर बदलून ड्रम परत चढवला जातो. काही महिने ब्रेक चांगला लागतो आणि मग पुन्हा तीच बाजू झिजते. आमच्या घरच्या ॲम्बॅसडरचे सोलापुरातल्या एका गॅरेजमध्ये असेच झाले. उजव्या मागच्या चाकाचे लाइनर तीन वर्षांत दोनदा बदलले गेले, पण डाव्या चाकाचा ड्रम एकदाही उघडला गेला नाही, कारण त्या बाजूबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पुढे एकदा तुळजापूरचा घाट उतरून खाली आल्यावर उजव्या चाकातून जळका वास आला, तेव्हा मी घरी दोन्ही ड्रम स्वतः उघडले. उजवीकडचा लाइनर पुन्हा संपत आला होता. डावीकडच्या लाइनरवर मात्र नव्या मालावर यंत्राने घासल्याच्या ज्या बारीक रेघा असतात, त्या अजून जशाच्या तशा होत्या. खरा दोष त्या न झिजलेल्या बाजूला होता.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरली आहे, आणि हा लेखही तिच्यासाठीच लिहीत आहे: जुने लाइनर फेकण्यापूर्वी चारही शू शेजारीशेजारी मांडून नीट पाहावेत, आणि जी बाजू कमी झिजली आहे तिच्याकडे आधी वळावे. झिजलेल्या बाजूने निदान काम तरी केलेले असते.

पुढील मजकूर ॲम्बॅसडर समोर ठेवून लिहिला आहे. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या या गाडीच्या काही नंतरच्या मॉडेलांना पुढे डिस्क ब्रेक आले, मागे मात्र शेवटपर्यंत ड्रमच राहिले. पद्मिनीच्या मालकांनाही यातला बराचसा भाग उपयोगी पडेल. सोलापुरात तिच्यावर जीव असणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्याला कारणही आहे, कारण ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये याच शहरात जन्मले. दोन्ही गाड्यांचे ॲडजस्टर (शू आणि ड्रम यांच्यातले अंतर जुळवणारा भाग) आणि हँडब्रेक यांची रचना सारखी नाही, म्हणून त्या तपशिलासाठी आपापल्या गाडीचे मॅन्युअलच प्रमाण मानावे.

कोणती असमान झीज स्वाभाविक असते

प्रत्येक असमान झीज म्हणजे बिघाड नव्हे. मागच्या ड्रममध्ये दोन शू असतात. गाडी पुढे जात असताना ड्रम ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने, म्हणजे सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने शूंना ड्रमवर ढकलणाऱ्या भागाच्या) टोकाकडून, शू जिथे टेकतो त्या टेकूच्या टोकाकडे, ज्या शूवरून त्याचा पृष्ठभाग सरकतो, तो शू ड्रमच्या ओढीनेच ड्रमवर अधिक घट्ट दाबला जातो. त्याला लीडिंग शू म्हणतात. दुसऱ्या शूला, म्हणजे ट्रेलिंग शूला, तीच ओढ ड्रमपासून दूर ढकलते. दोघांना सिलिंडरकडून मिळणारा जोर सारखा असला तरी लीडिंग शू कितीतरी अधिक काम करतो आणि लवकर झिजतो. सिलिंडर वरच्या बाजूला असेल तर गाडीच्या पुढच्या दिशेचा शू लीडिंग असतो आणि सिलिंडर खाली असेल तर मागच्या दिशेचा. एकाच चाकातले दोन शू कमीजास्त झिजलेले असतील आणि दुसऱ्या चाकातही तोच फरक त्याच प्रमाणात असेल, तर काळजीचे कारण नाही.

डाव्या आणि उजव्या चाकांमध्ये फरक असेल, ट्रेलिंग शू लीडिंगपेक्षा अधिक झिजला असेल, एकाच लाइनरची एक कड दुसऱ्या कडेपेक्षा पातळ झाली असेल, किंवा मागचे लाइनर पुढच्यांपेक्षा लवकर संपत असतील, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. यातला शेवटचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, त्यामुळे पुढचे ब्रेक अधिक झिजणे हेच नैसर्गिक आहे. मागचे आधी संपत असतील तर हँडब्रेक पूर्ण सुटत नसावा किंवा पुढचे ब्रेक नीट लागत नसावेत.

ड्रम उघडण्यापूर्वीच्या दोन फेऱ्या

दोष कोणत्या बाजूला आहे हे पुष्कळदा ड्रम न काढताही कळते. त्यासाठी सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, गाडीच्या दोन फेऱ्या माराव्यात. सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडी अर्धा तास जरी एका कुशीवर ऊन घेत उभी राहिली, तरी त्या बाजूचे ड्रम हात लावू देत नाहीत, आणि मग आपण घेतलेले तापमान ब्रेकचे आहे की उन्हाचे, हे सांगता येत नाही.

पहिल्या फेरीत आठ-दहा किलोमीटर गाडी शक्य तितका ब्रेक न लावता चालवावी, शेवटी गिअर काढून आपोआप थांबू द्यावी आणि उतरून दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात न्यावा. थेट स्पर्श करू नये. हाताचा पंजा ड्रमपासून थोडा दूर धरला तरी अंदाज येतो. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तमच. या फेरीत जे चाक गरम लागते, त्याचा ब्रेक सुटत नाही. दुसऱ्या फेरीत तेवढेच अंतर वारंवार, पण हलका ब्रेक लावत जावे. या वेळी जे चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे थंड राहते, त्याचा ब्रेक काम करत नाही. या दोन फेऱ्यांची उत्तरे वेगळी असतात आणि पुढचा शोधही वेगळा होतो, म्हणून दोन्ही वहीत लिहून ठेवाव्यात. आमच्या गाडीच्या पहिल्या फेरीत उजवे चाक थोडे गरम होते आणि दुसऱ्या फेरीनंतर डावे चाक जवळजवळ गारच होते. त्याच वेळी डाव्या बाजूचा संशय यायला हवा होता.

त्यानंतर गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावू नये. माती कोरडी दिसली तरी भार आल्यावर जॅक तिरका बसतो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावून, मागचा ॲक्सल उचलून दोन्ही बाजूंना स्टँड द्यावेत. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हातही घालू नये. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक पूर्ण सोडलेला असताना प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. डिफरन्शिअलमुळे (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीमुळे) थोडे जडपण असतेच आणि ते दोन्ही चाकांना सारखे जाणवते. ब्रेकचे घासणे मात्र एका चाकाला आणि अनेकदा फेऱ्यातल्या ठरावीक जागी जाणवते. ठरावीक जागीच घासत असेल, तर ड्रम अंडाकृती झाला असण्याचा संभव आहे.

आता एका माणसाला पेडल जोरात दाबून सोडायला सांगावे आणि पेडल सुटताक्षणी चाक मोकळे होते का ते पाहावे. चाक अडकून राहिले, तर त्या चाकाच्या ब्लीडिंग निपलला (ब्रेकमधली हवा काढण्याच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावा. नळीतून ब्रेक ऑइलची जोरदार चिळकांडी आली आणि चाक लगेच मोकळे झाले, तर दाब पाइपमध्ये अडकून राहत होता, म्हणजे दोष पाइप, रबरी होज (नळी) किंवा पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे आहे. नळीत ऑइल नुसतेच झिरपले आणि चाक तसेच अडकून राहिले, तर दोष चाकाच्या आत यांत्रिक स्वरूपाचा आहे: जाम झालेला पिस्टन, मेलेली स्प्रिंग किंवा ओढलेली हँडब्रेकची केबल. या एका तपासणीने निम्मे काम होते, आणि ती करायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

होजबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अशा गाड्यांत सर्वसाधारणपणे बॉडीपासून मागच्या ॲक्सलपर्यंत एकच रबरी होज येते आणि तिथून डाव्या-उजव्या चाकांना लोखंडी पाइप फुटतात. जुनी होज आतून फुगून बंद झाली तर दोन्ही मागची चाके घासू लागतात, एकच नाही. फक्त एका चाकाची तक्रार असताना होज बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. त्यापेक्षा ॲक्सलवरचा त्या बाजूचा लोखंडी पाइप दगड लागून किंवा चुकीच्या जागी जॅक लावल्यामुळे चेपला आहे का, ते पाहावे.

ड्रम काढताना

ड्रम काढण्यापूर्वी ॲडजस्टर सैल करावा, नाहीतर ड्रमच्या आतल्या कडेला तयार झालेला ओठ शूला अडकतो. ड्रम बिडाचा असतो. त्याच्या कडेवर लोखंडी हातोड्याने मारल्यास तुकडा उडतो. लाकडी हातोड्याने सगळीकडून हलके ठोकत, गंज सोडवणारे तेल मध्यभागी देत, धीराने काढावा. कोणता ड्रम कोणत्या बाजूचा, याची खूण खडूने करून ठेवावी.

यानंतरच्या कामाबद्दल मी अत्यंत गंभीरपणे लिहीत आहे. जुन्या लाइनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की तिचे नुकसान भरून निघत नाही. आपल्याकडे ड्रम उघडला की हवेच्या गनने धूळ उडवण्याची सवय आहे, आणि अनेकदा शेजारी उभा असलेला शिकाऊ मुलगा ती सगळी धूळ श्वासातून आत घेतो. हवा मारू नये, सुक्या ब्रशने झाडू नये. फवाऱ्याने साबणाचे पाणी मारून धूळ भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकावे. चांगला मास्क लावावा. यंत्रमागाच्या या गावात चिंध्यांचा तुटवडा नाही, तेव्हा वापरलेले फडके धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा.

एका वेळी एकच बाजू सुटी करावी, म्हणजे स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे विसरले तर दुसरी बाजू समोर असते. मोबाइलवर फोटो काढावेतच, पण फोटोत स्प्रिंगचा आकडा शूच्या पुढून गेला की मागून, हे पुष्कळदा दिसत नाही.

झीज कशी वाचावी

चारही शू वर्तमानपत्रावर त्यांच्या मूळ जागेप्रमाणे मांडावेत: डावीकडचा पुढचा आणि मागचा, उजवीकडचा पुढचा आणि मागचा. प्रत्येक लाइनरची जाडी व्हर्निअरने वरच्या टोकाला, मध्यभागी आणि खालच्या टोकाला, आणि प्रत्येक ठिकाणी आतल्या व बाहेरच्या कडेला, अशी सहा ठिकाणी मोजून लिहावी. चोवीस आकडे होतात. कंटाळवाणे वाटते, पण हे आकडेच बोलतात. रिव्हेटच्या डोक्यावर लाइनर १ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल, तर तो बदलायचाच आहे, तरीही मोजावे.

एका चाकातले दोन्ही शू न झिजलेले आणि दुसऱ्या चाकातले दोन्ही संपलेले असतील, तर न झिजलेल्या बाजूला जोर पोहोचतच नाही. ती बाजू काम करत नसल्यामुळे तेवढीच गाडी थांबवायला पेडल अधिक दाबावे लागते आणि तो सगळा बोजा उरलेल्या चाकांवर पडतो. त्यातच पेडल खाली जाते म्हणून जर कोणी चालणाऱ्या बाजूचा ॲडजस्टर घट्ट केला, तर ती बाजू सतत घासत राहते आणि आणखी वेगाने संपते. आमच्या गाडीत अगदी हेच घडले होते.

एकाच चाकातला एक शू झिजला आहे आणि दुसऱ्याला ड्रमचा स्पर्शही झालेला दिसत नाही, अशा वेळी सिलिंडरचा प्रकार पाहावा. काही गाड्यांत सिलिंडर बॅकप्लेटला (ड्रममागच्या स्थिर पत्र्याला) घट्ट बसवलेला असतो आणि त्यात दोन पिस्टन असतात. त्यातला एक जाम झाला की फक्त दुसरा शू हलतो. काही गाड्यांत एकच पिस्टन असतो आणि सिलिंडर स्वतः बॅकप्लेटच्या खाचेत मागेपुढे सरकतो. पिस्टन एका शूला ढकलतो आणि सिलिंडरची पाठ दुसऱ्याला. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून गाडी गेली की काळी माती या खाचेत शिरते, आणि एकदा वाळली की ती जणू सिमेंटच होते. सिलिंडर सरकायचा थांबतो आणि एकच शू सगळे काम करतो. सिलिंडर अंगठ्याच्या जोराने खाचेत सरकला पाहिजे. सरकत नसेल तर तो काढून खाच तारेच्या ब्रशने स्वच्छ करावी, आणि उष्णतेत न वितळणारे ग्रीस अगदी पातळ लावून बसवावा.

लाइनरची आतली कड आणि बाहेरची कड यांच्या जाडीत फरक असेल, तर हायड्रॉलिक भागांकडे पाहण्यात अर्थ नाही. ड्रम कर्ण्यासारखा एका तोंडाला रुंद झाला असेल, शूचा पत्रा वाकला असेल, बॅकप्लेट वाकडी असेल किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ आला असेल. बॅकप्लेटवर शूची कड जिथे टेकते, तिथे उंचवटे असतात. अनेक वर्षांनी त्यांत खाच पडते आणि शूची कड त्या खाचेत अडकून तिरकी राहते. नख फिरवून पाहिले तरी खाच कळते. ती भरून घासून सपाट करावी लागते, नाहीतर नवा लाइनरही तसाच तिरका झिजतो.

लाइनरची जाडी टोकांना आणि मध्यभागी वेगवेगळी असेल, तर लाइनरची गोलाई ड्रमशी जुळत नाही. ड्रम लेथवर मारून मोठा झाला आणि शूवर पूर्वीच्याच मापाचा लाइनर बसवला, की शू फक्त मधोमध टेकतो. लाइनर जाड बसवून नीट घासला नाही, तर तो फक्त टोकांवर टेकतो. दुसरा प्रकार अधिक त्रासदायक आहे, कारण टोकांवर टेकणारा शू अचानक पकडतो आणि किंचाळतो. पाहण्याची सोपी रीत अशी: ड्रमच्या आत शाळेचा साधा खडू फिरवावा, ड्रम चढवून हलका ब्रेक लावत चाक दोन-तीनदा फिरवावे आणि पुन्हा उघडावे. खडू लाइनरवर जिथे लागला, तिथेच स्पर्श होतो. सुरुवातीला मध्यभागाच्या मोठ्या पट्ट्यावर स्पर्श असणे चांगले. वापराने तो टोकांपर्यंत पसरतो.

व्हील सिलिंडर

आमच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरची रबरी टोपी मी बोटाने मागे सारली, तेव्हा आतून तपकिरी चिखलासारखा गंज बाहेर आला. पेडल दाबायला सांगितले. पिस्टन जागचा हलला नाही. सिलिंडर काढून टेबलावर ठेवला आणि पिस्टन बाहेर काढायला लाकडी दांडी लावून बराच वेळ हळूहळू ठोकावे लागले. आतल्या भिंतीच्या तळाशी अर्धचंद्राच्या आकाराचा गंजाचा खड्डा होता. तो तळाशीच असतो, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की तो ओलावा खाली बसून लोखंड खातो. आमची गाडी वर्षातून काही मोजक्याच वेळा बाहेर निघायची, आणि जी गाडी रोज चालत नाही, तिचे सिलिंडर रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडतात, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. सोलापूरची हवा कोरडी म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण एका पावसाळ्याचा आणि दर आठवड्याच्या धुण्याचा ओलावाही पुरेसा होतो. शिळ्या ऑइलचा दुसरा धोका घाटात असतो: नव्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलचा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळले की पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकते. दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलावे.

आतली भिंत गुळगुळीत असेल, तर नवे रबर किट घालून सिलिंडर पुन्हा वापरता येतो. नख अडकेल असा खड्डा असेल, तर सिलिंडर नवा घ्यावा. घासून खड्डा काढला की माप मोठे होते आणि रबर नीट बसत नाही. सिलिंडर दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, असे माझे मत आहे. पिस्टन आणि रबर पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने मुळीच धुऊ नयेत. त्याने रबर फुगते आणि नवा सिलिंडर आठवड्यात जाम होतो. धुण्यासाठी ताजे ब्रेक ऑइलच वापरावे.

तेल कुठून आले

लाइनर ओला दिसला, तर तो कशाने ओला आहे हे आधी ठरवावे, कारण दोन्ही तेलांचे उगम वेगळे आहेत. तो ओलेपणा फडक्याला लावून फडके पाण्यात बुडवावे. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, तर डिफरन्शिअलचे तेल पाण्यावर तरंगते आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. ब्रेक ऑइल असेल तर सिलिंडर गळत आहे. डिफरन्शिअलचे तेल असेल तर ॲक्सलच्या टोकाचे ऑइल सील गेले आहे. मात्र सील बदलण्यापूर्वी ॲक्सलवरचा ब्रीदर पाहावा. हे छोटे भोक मातीने बुजले, की तापलेल्या तेलावरची हवा बाहेर पडू शकत नाही आणि ती तेलाला सीलमधून ढकलते. ब्रीदर बुजलेला ठेवून बसवलेले नवे सीलही गळते. तेल भरण्याच्या प्लगच्या पातळीपेक्षा अधिक तेल भरले असेल, तरी हेच होते.

तेलात भिजलेला लाइनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरू नये. वरून कोरडा दिसला तरी ब्रेक तापला की आतले तेल वर येते. एका बाजूचा लाइनर तेलाने गेला, तर चारही बदलावेत, आणि चारही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले असावेत. एका बाजूला मऊ आणि दुसऱ्या बाजूला कडक माल बसवला, तर सगळे भाग ठीक असूनही झीज असमानच राहील.

हँडब्रेक आणि जुळणी

पेडल खाली जाते म्हणून हँडब्रेकची केबल ताणणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे. पेडल वर येते, गिऱ्हाईक समाधानी होते, पण केबलमुळे शू नेहमीच अर्धवट उघडे राहतात आणि ज्या बाजूची केबल आखूड किंवा न अडखळता सरकणारी, ती बाजू आधी संपते. झिजेची भरपाई ॲडजस्टरने करायची असते. केबल शेवटी जुळवायची. तपासताना केबल दोन्ही चाकांकडून सोडवावी आणि मग चाक फिरवून पाहावे. आता चाक मोकळे झाले, तर दोष केबलचा किंवा दोन्ही बाजूंना ओढ समान वाटून देणाऱ्या कॉम्पेन्सेटरचा आहे. त्याची खीळ गंजली, की सगळी ओढ एकाच चाकाला जाते. सुट्या केबलचे टोक हाताने ओढून सोडल्यावर ती आपोआप परत गेली पाहिजे.

जुळणी करताना परतीच्या स्प्रिंग डाव्या-उजव्या जोडीने टेबलावर ठेवून लांबी ताडून पाहावी. एक जरी लांब भरली तरी सगळ्या नव्या घ्याव्यात, त्यांची किंमत फार नसते. ड्रमला खोल रेघा असतील किंवा तो अंडाकृती असेल, तर लेथवर मारून घ्यावा, पण दोन्ही ड्रम सारख्याच मापाला आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत. ती मर्यादा ओलांडलेला ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकतो.

ब्लीडिंग निपलमधून पाइपमधली हवा काढून झाल्यावर ॲडजस्टर असा लावावा: चाक अडेपर्यंत घट्ट करावा, पेडल दोन-तीनदा जोरात दाबून शू मध्यभागी येऊ द्यावेत, पुन्हा घट्ट करून पाहावे, आणि मग चाक जेमतेम मोकळे फिरेल इतकाच सैल करावा. दोन्ही चाकांना हे झाल्यावरच हँडब्रेकची केबल जोडावी. हँडब्रेक एकेक दाता ओढत दोन्ही चाके हाताने फिरवून पाहावीत; दोन्ही एकाच दात्यावर अडली पाहिजेत.

पहिली फेरी गर्दीत नेऊ नये. शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगावरून हलक्या पायाने पंधरा-वीस वेळा गाडी मंद करावी आणि मध्ये ड्रम निवू द्यावेत, म्हणजे नवा लाइनर ड्रमशी जुळून येतो. नंतर मातीच्या सपाट, निर्मनुष्य रस्त्यावर अगदी कमी वेगात हँडब्रेक ओढून थांबावे आणि उतरून मागच्या दोन्ही टायरचे घासल्याचे ठसे पाहावेत. ते जवळजवळ एकाच जागी सुरू झालेले असावेत. घाट उतरण्याची वेळ आली, तर सुरुवातीपासूनच खालच्या गिअरमध्ये उतरावे.

साधारण ५०० किलोमीटरनंतर ॲडजस्टर पुन्हा पाहावा लागतो, कारण नवा लाइनर सुरुवातीला लवकर बसतो. आमच्या गाडीचे ड्रम मी त्यानंतर एका वर्षाने पुन्हा उघडले आणि तेच चोवीस आकडे पुन्हा लिहिले. डाव्या आणि उजव्या लीडिंग शूमध्ये अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. जुना डावा सिलिंडर त्या वहीबरोबरच डब्यात ठेवला आहे. तो गंजलेला अर्धचंद्र दाखवला, की उघडायचा ड्रम कोणता हे शेजाऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही.